सांगायचं कुणाला? ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधली माणसं, सोप्या भाषेत

रशियन कादंबरी वाचायला घेतलेल्या बहुतेकांची गाडी माणसांच्या गर्दीत अडते. पन्नास पानं होतात न होतात तोच पाच-सात जण येऊन जातात, प्रत्येकाला तीन-तीन नावं असतात आणि प्रत्येक जण भेटल्या भेटल्या पानंच्या पानं बोलत सुटतो. अलीकडे सोशल मीडियामुळे रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीची पुस्तकं तरुण वाचकांच्या हातात नव्याने दिसू लागली आहेत. त्याची छोटी ‘व्हाइट नाइट्स’ एका बैठकीत वाचून होते, हिंमत वाढते, मग त्याचीच ‘क्राइम अँड पनिशमेंट’ उघडली जाते आणि आमच्या वाचनकट्ट्यावर हमखास प्रश्न येतो: “खून पहिल्याच भागात होतो. खुनी कोण तेही आपल्याला ठाऊक. मग पुढचे पाच भाग ही माणसं एवढं बोलतात तरी काय?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच ही कादंबरी उलगडते. खून कोणी केला, हे इथलं रहस्य नाहीच. रहस्य आहे ते ‘हा माणूस हे कुणाला सांगणार’ याचं. हा धागा धरून वाचलं की गर्दी वाटणारी माणसं आपापल्या जागी जाऊन बसतात. पुढे सगळं कथानक उघड होणार आहे, पण त्याची चिंता करू नका. शेवट माहीत असताना मी ही कादंबरी पुन्हा वाचली तेव्हा ती पहिल्यापेक्षा जास्त लागली.

गोष्ट थोडक्यात

1866 साली ‘रूस्की वेस्तनिक’ या मासिकातून ही कादंबरी वर्षभर क्रमशः आली. स्थळ सेंट पीटर्सबर्ग, महिना जुलैचा. शहरात उकाडा, धूळ, चुन्याचा वास. रोदिओन रास्कोल्निकोव हा 23 वर्षांचा तरुण, पैशाअभावी कायद्याचं शिक्षण सोडलेला. पाच मजली इमारतीच्या छपराखाली तो राहतो आणि त्याची खोली सहा पावलांत संपते. त्याच्या फाटकापासून बरोबर 730 पावलांवर आल्योना इवानोव्हना ही वस्तू गहाण ठेवून व्याजाने पैसे देणारी म्हातारी राहते. ही पावलं त्याने मोजून ठेवली आहेत. तो तिचा कुऱ्हाडीने खून करतो. तेवढ्यात तिची सावत्र बहीण लिझावेता अवचित घरी येते आणि तिलाही तो मारतो.

खुनामागे गरिबी आहेच, पण त्याहून मोठा आहे एक सिद्धान्त. माणसांचे दोन वर्ग असतात, असं त्याने एका लेखात मांडलेलं असतं: एक सामान्य, जे नियम पाळतात, आणि दुसरे नेपोलियनसारखे असामान्य, ज्यांना नियम ओलांडायचा हक्क असतो. आपण कुठल्या वर्गात, हे त्याला पाहायचं असतं. ‘ओलांडणं’ हा शब्द मुद्दाम लक्षात ठेवा. कादंबरीच्या नावात गुन्ह्यासाठी जो रशियन शब्द आहे, ‘प्रेस्तुप्लेनिये’, त्याच्या पोटात पाऊल पलीकडे टाकण्याचा अर्थ आहे. आपण ‘मर्यादा ओलांडली’ म्हणतो, तसाच.

हा सिद्धान्त कुठे वाढला? त्या सहा पावलांच्या खोलीत, महिनाभर कुणाशी न बोलता. घरमालकिणीची मोलकरीण नस्तास्या त्याला विचारते, काम काय करतोस? तो म्हणतो, विचार करतो. तिची हसून हसून पुरेवाट होते, पण त्याचं उत्तर खरं असतं. बंद खोलीत भिंतीला ओल धरावी तसा तो विचार धरला आहे. कुणासमोर मोठ्याने बोलला असता तर समोरचा निदान “अरे, काहीतरीच काय” म्हणाला असता.

आदिबंध म्हणजे काय?

गोष्टींमधून पिढ्यानपिढ्या फिरत राहणाऱ्या माणसांच्या मूळ साच्याला मराठी समीक्षेत ‘आदिबंध’ म्हणतात. तमाशात सोंगाड्या किंवा मावशी मंचावर आली की तिची ओळख करून द्यावी लागत नाही. संस्कृत नाटकातल्या विदूषकाचंही तेच. प्रेक्षकाच्या डोक्यात तो साचा आधीच तयार असतो. पुढे मी साचा हाच शब्द वापरते.

या कादंबरीतले साचेही ओळखीचे आहेत. हुशार पण कंगाल विद्यार्थी, दिलदार मित्र, मुलांसाठी जीव टाकणारी आई, दारुडा बाप, परिस्थितीने वेश्या झालेली निर्मळ मुलगी, धूर्त तपास अधिकारी, पैशाच्या जोरावर बायको मिळवू पाहणारा वर, बाहेरख्याली जमीनदार. यांतल्या काहींच्या आडनावांतच दस्तयेवस्कीने खूण करून ठेवली आहे. ‘रास्कोल’ म्हणजे फूट. सतराव्या शतकात रशियन चर्चमध्ये पडलेल्या फुटीलाही हाच शब्द आहे. म्हणजे रास्कोल्निकोव हा दुभंगलेला. ‘राझुम’ म्हणजे बुद्धी, त्यावरून मित्राचं नाव राझुमिखिन. ‘लूझा’ म्हणजे डबकं, त्यावरून बहिणीसाठी आलेल्या कंजूस वराचं नाव लूझिन.

नावांची भीतीही इथेच घालवून टाकू. रशियन माणसाच्या नावात मधलं नाव बापाचं असतं, अगदी आपल्यासारखं. रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव म्हणजे रोमानचा मुलगा रोदिओन. आई त्याला रोद्या म्हणते, परकी माणसं आदराने रोदिओन रोमानोविच म्हणतात. कोण कोणत्या नावाने हाक मारतंय यावरून जवळीक किती ते कळतं.

मोदकाच्या साच्यातून आकार सगळ्यांना सारखाच येतो, आत काय भरलंय ते घास घेतल्यावर कळतं. दस्तयेवस्कीची माणसं साच्यातून निघतात खरी, पण त्यांचं सारण कळतं ते एका कसोटीवर: दुसऱ्याचं दुःख किंवा पाप कानावर पडलं की हा माणूस काय करतो?

मनातलं सांगायची जागा

नाटककाराला जुनी अडचण असते. नायिकेच्या मनातलं प्रेक्षकांना कळणार कसं? त्यावर रंगभूमीने शोधलेला उपाय म्हणजे विश्वासातलं माणूस. शकुंतलेच्या मनातला दुष्यंत आपल्याला कळतो, कारण अनसूया आणि प्रियंवदा खोदून खोदून विचारतात. हॅम्लेटला होरेशिओ असतो. हे पात्र स्वतः फारसं काही करत नाही. ते ऐकतं.

‘क्राइम अँड पनिशमेंट’ला अशा पात्राची गरज का पडली, याची एक खरी हकीकत आहे. 1865 मध्ये दस्तयेवस्कीने ही गोष्ट आधी खुन्याच्या तोंडून लिहायला घेतली होती. ‘मी’ने सुरू होणारी ती एक कबुली होती. त्या नोव्हेंबरात बरंचसं लिहून झालेलं असताना त्याने ते जाळून टाकलं आणि नव्याने सुरुवात केली, या वेळी ‘तो’ने. माझ्या मते सगळी किमया या एका निर्णयात आहे. ‘मी’ बोलत होता तोवर ऐकायला वाचक होता, तेवढं पुरेसं होतं. ‘मी’ गेला, तशी रास्कोल्निकोवला कादंबरीच्या आतच कुणाचा तरी कान शोधणं भाग पडलं. उरलेले पाच भाग हा तो शोध आहे.

पण नायक तर आधी स्वतःच श्रोता असतो

हो, आणि ही सुरुवात फार विचारपूर्वक केलेली आहे. खुनाच्या आधी, दुसऱ्याच प्रकरणात, तो एका गुत्त्यात शिरतो. तिथे मार्मेलादोव नावाचा नोकरी गमावलेला सरकारी कारकून त्याच्यासमोर येऊन बसतो आणि आयुष्य ओतायला लागतो. रेल्वेच्या लांबच्या प्रवासात अनोळखी माणूस घरचं सगळं सांगून मोकळा होतो, तसं. पुन्हा भेट होणार नाही, म्हणून लाज वाटत नाही. मार्मेलादोव विचारतो, “जायला कुठलीच जागा उरली नाही म्हणजे काय होतं, हे कळतं का तुम्हाला?” हा प्रश्न पुढे कादंबरीभर घुमत राहतो.

त्याच बोलण्यात त्याच्या मुलीची, सोन्याची हकीकत येते. घरात लहान भावंडं उपाशी, सावत्र आई क्षयाने खंगलेली. एका संध्याकाळी सोन्या बाहेर जाते. परत येते ती सरळ सावत्र आईसमोर जाऊन टेबलावर न बोलता 30 रुबल ठेवते. मग घरातली हिरवी शाल डोक्यावरून ओढून भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडते. फक्त खांदे हलत असतात. सावत्र आई तिच्या पायाशी गुडघे टेकून सारी संध्याकाळ बसून राहते. या प्रसंगात कुणीच कुणाला काही सांगत नाही, तरी ऐकू सगळं येतं. रास्कोल्निकोव हे ऐकतो आणि आत कुठेतरी जपून ठेवतो. ते किती खोल गेलं, हे आपल्याला फार पुढे कळतं.

मग जिवलग मित्राला का सांगत नाही?

वाचनकट्ट्यावर हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. राझुमिखिन तर लाखात एक माणूस. आजारात उशाशी बसतो, कपडे आणून देतो, डॉक्टर बोलावतो, आई-बहिणीची सोय लावतो. गोष्टीतला ‘खरा मित्र’ याहून वेगळा काय असणार?

अडचण त्याच्या चांगुलपणातच आहे. राझुमिखिनला काही सांगितलं की तो लगेच कामाला लागतो. उपाय शोधतो, धावपळ करतो, भांडतो. अशा माणसाच्या पदरात आपण अडचण टाकू शकतो. रास्कोल्निकोवजवळ जे आहे त्याला मात्र उपाय नाही.

तरीही राझुमिखिनला कळतंच. चौथ्या भागात, आई आणि बहिणीला कायमचं सोडून निघालेला रास्कोल्निकोव अंधाऱ्या जिन्याजवळच्या बोळात दिव्याखाली थांबतो. राझुमिखिन मागून धावत येतो. दोघं एकमेकांकडे मिनिटभर नुसते बघत राहतात. काहीतरी भयंकर, अगदी उघडं, त्या दोघांमधून सरकून जातं आणि राझुमिखिन पांढराफटक पडतो. “समजलं का आता?” एवढंच रास्कोल्निकोव विचारतो, आणि त्याला परत पाठवतो, त्यांच्याजवळ जा म्हणून. मित्राच्या हाती त्याने आपलं घर दिलं, आपलं पाप दिलं नाही. मैत्रीचा याहून मोठा मान मला तरी दुसऱ्या कादंबरीत आठवत नाही.

आईचंही असंच. पुल्खेरिया अलेक्सांद्रोव्हनाला कुणी काही सांगत नाही, तीही विचारत नाही. मुलाचा तो छापून आलेला लेख ती तिसऱ्यांदा वाचत बसलेली आपल्याला दिसते. तो लेख तिला समजत नाही. ती त्यात मुलगा शोधत असते.

पोर्फिरी तर ऐकण्याचंच काम करतो ना?

तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच हा कादंबरीतला सर्वांत कुशल श्रोता. रास्कोल्निकोवशी त्याच्या फक्त तीन मोठ्या भेटी होतात. त्याच्याजवळ ठोस पुरावा नाही. तो गप्पा मारतो, हसतो, विषय बदलतो आणि समोरच्याला बोलू देतो. धूर्त पोलिसाच्या साच्यातून आलेला हा माणूस तिसऱ्या भेटीत मात्र साचा मोडतो. रास्कोल्निकोव धापा टाकत विचारतो, मग खून केला कुणी? पोर्फिरी जणू चकित होऊन उत्तरतो, “कुणी म्हणजे? तुम्हीच केलात, रोदिओन रोमानोविच.”

या वाक्यातला आदरार्थी प्रयोग बघा. रशियनमध्येही आपल्यासारखे तू आणि तुम्ही असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि पोर्फिरी शेवटपर्यंत ‘तुम्ही’वर राहतो. वर त्या काळच्या रशियन कचेरीत साहेबाशी बोलताना शब्दामागे लावत तो नम्रतेचा ‘स’ही जोडतो. समोर बसलेल्याला तो खुनी म्हणतो, तेही ‘अहो-जाहो’ करून. मग त्याला अटक न करता दीड-दोन दिवसांची मोकळीक देतो, स्वतःहून या म्हणतो, शिक्षा कमी होईल असंही सांगतो. त्याला या पोराबद्दल खरी कणव आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

मग त्याच्यापाशी कबूल करायला काय हरकत होती? मराठीत आपण ‘कबुलीजबाब’ असा एकच शब्द वापरतो, पण त्यात दोन गोष्टी आहेत. जबाब कागदावर उतरतो, त्यावर सही होते, त्याचा खटल्यात उपयोग होतो. कबुली एका माणसाने दुसऱ्याला दिलेली असते. पोर्फिरी कितीही कनवाळू असला तरी त्याच्या कानात पडलेली प्रत्येक गोष्ट जबाबच होणार.

भिंतीपलीकडची खुर्ची

चौथ्या भागात रास्कोल्निकोव पहिल्यांदा सोन्याच्या खोलीवर जातो. पलीकडे एक रिकामी खोली असते आणि मध्ये बंद दार. त्या दाराला कान लावून स्विद्रिगाइलोव, साच्यांच्या यादीतला तो बाहेरख्याली जमीनदार, सगळं ऐकतो. ऐकायला त्याला इतकं आवडतं की पुढच्या वेळी तासभर उभं राहायला नको म्हणून तो आपल्या खोलीतून एक खुर्ची आणून दाराशी ठेवतो.

ती खुर्ची मला कादंबरीतली सगळ्यात भयाण वस्तू वाटते, कुऱ्हाडीपेक्षाही. कुऱ्हाड निदान लपवली जाते. खुर्ची आरामात मांडली जाते.

स्विद्रिगाइलोव हा नायकाचं प्रतिरूप आहे. प्रतिरूप म्हणजे आरशातला दुसरा मी, ‘हाच रस्ता धरून पुढे गेलास तर असा होशील’ हे दाखवणारा. आपण दोघं एकाच माळेचे मणी, असं तो रास्कोल्निकोवला तोंडावर सांगतो. पण तो निव्वळ खलनायक नाही. मार्मेलादोवच्या पोरक्या मुलांची सोय तोच लावतो, आणि पुढे सोन्या रास्कोल्निकोवच्या मागोमाग सायबेरियाला जाऊ शकते तीही त्यानेच दिलेल्या पैशांमुळे.

विश्वासाने सांगितलेली गोष्ट आणि चोरून ऐकलेली गोष्ट यांत काय फरक असतो, तेही त्याच्याच हातून दिसतं. रास्कोल्निकोवचं गुपित वापरून तो त्याच्या बहिणीला, दून्याला, आपल्या खोलीत अडकवू पाहतो. गुपिताचं त्याच्याजवळ नाणं होतं. आणि स्वतःचं सांगायला मात्र त्याला कुणीही नाही. दून्या त्याला नाकारते. पहाटे तो एका बुरुजाखाली उभा राहतो. समोर शिरस्त्राण घातलेला एक अनोळखी पहारेकरी. स्विद्रिगाइलोव पिस्तूल काढून म्हणतो, कुणी विचारलं तर सांग अमेरिकेला गेला म्हणून. पहारेकरी एवढंच म्हणतो, इथे नाही, ही जागा नव्हे. मार्मेलादोवच्या त्या प्रश्नाला एका पहारेकऱ्याने, नकळत, दिलेलं हे उत्तर. आणि गोळी सुटते.

सोन्या फारच पवित्र दाखवली आहे, नाही का?

हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. वेश्या आणि तरी देवभोळी, निष्पाप, क्षमाशील: हा साचा दस्तयेवस्कीच्या काळातही घासून गुळगुळीत झालेला होता. रशियन-अमेरिकन कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्हने आपल्या व्याख्यानांत याच जागी त्याला धारेवर धरलं. सोन्या रास्कोल्निकोवला बायबलच्या नव्या करारातली लाजरची गोष्ट वाचून दाखवते. मेलेल्या लाजरला येशू चौथ्या दिवशी उठवतो, ती. मेणबत्ती विझत आलेली असते आणि निवेदक म्हणतो की खुनी आणि वेश्या शाश्वत ग्रंथ वाचायला एकत्र आले होते. खुनी आणि वेश्या एका दावणीला बांधणारं हे वाक्य नाबोकोव्हला ढोबळ आणि भडक वाटलं. ते वाक्य भडक आहे, हे मलाही मान्य आहे.

पण त्या वाक्याच्या आसपास काय घडतं ते बघा. पुस्तक बघून रास्कोल्निकोव विचारतो, हे तुझ्याकडे कुठून आलं? सोन्या सांगते, लिझावेताने आणून दिलं.

लिझावेता, जिला त्याने मारलं ती. सोन्या पुढे अडखळत सांगते की लिझावेता चांगली होती, तिला फारसं यायला जमत नसे, पण आली की आम्ही दोघी वाचायचो आणि बोलायचो. वाचायचो आणि बोलायचो, एवढेच शब्द. कादंबरीभर रास्कोल्निकोव ज्या गोष्टीसाठी वणवण फिरतो, ती सोन्याजवळ होती. तिचं जिवाभावाचं माणूस लिझावेता होती. म्हणजे त्याने फक्त एका निरपराध बाईला मारलं नाही. ज्या मुलीपाशी तो मन मोकळं करायला आला आहे, तिची मन मोकळं करायची जागाच त्याने आपल्या हातांनी पुसून टाकली आहे. हे कळल्यावर मला सोन्या ‘पवित्र वेश्या’च्या साच्यात बसवताच येत नाही. क्षमा करणारी कुणी दूरची देवी असती तर गोष्ट सोपी होती. इथे ऐकणारी व्यक्ती मेलेल्या बाईची मैत्रीण आहे.

आणि निघताना तो म्हणतो, लिझावेताला कुणी मारलं हे मला ठाऊक आहे, मी येऊन तुला सांगेन. तुला सांगायचं हे मी फार पूर्वीच ठरवलं होतं, तुझे वडील तुझ्याबद्दल बोलले तेव्हाच, लिझावेता जिवंत असतानाच.

खुनाच्या आधी! गुत्त्यातली ती हिरवी शाल आठवा. गुन्हा करण्याआधीच त्याने श्रोता निवडलेला होता. नेपोलियन व्हायला निघालेल्या माणसाला सांगण्यासाठी कुणीतरी हवं होतं, यातच त्याचा सिद्धान्त कोसळतो. पोर्फिरीला याहून मोठा पुरावा मिळाला नसता.

‘तुम्ही’पासून ‘तू’पर्यंत

पाचव्या भागात तो सांगायला येतो आणि सांगू शकत नाही. ‘मी मारलं’ हे त्याच्या तोंडून फुटत नाही. खुन्याबद्दल तो तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसं बोलतो, त्याला लिझावेताला मारायचं नव्हतं म्हणतो. मग म्हणतो, ओळख. नीट बघ माझ्याकडे.

सोन्या बघते. तिचा चेहरा बदलत जातो आणि त्याला एकदम लिझावेताचा चेहरा दिसतो. तो कुऱ्हाड घेऊन पुढे येत असताना लिझावेताने लहान मुलासारखा हात जरासा पुढे केला होता. सोन्याही तसाच डावा हात पुढे करते, बोटं त्याच्या छातीला हलकेच टेकवते आणि मागे सरकते. दोन मैत्रिणींचा एकच हावभाव. एकदा तो थांबला नव्हता. आता तो थांबलेला असतो.

मग ती त्याच्या गळ्यात पडते. आतापर्यंत सोन्या त्याला ‘तुम्ही’ म्हणत आली आहे. तो तिला ‘तू’ म्हणायला लागल्यावरही तिने ‘तुम्ही’ सोडलेलं नाही. पहिलं वाक्यही तसंच येतं: हे काय करून घेतलंत तुम्ही स्वतःचं! आणि त्यापुढच्या श्वासाला: “या सगळ्या जगात आत्ता तुझ्याइतकं दुःखी कुणी नाही!” खुनी आहे हे कळलं त्याच क्षणी ती ‘तू’वर येते. इंग्रजी भाषांतरातून वाचणाऱ्याला हे दिसणं कठीण, कारण तिथे दोन्हीकडे एकच शब्द. मराठी कानाला मात्र ते झटकन कळतं. आपल्याकडेही अहो-जाहो सुटून ‘तू’ येतं ते एक तर भांडणात, नाहीतर फार आतल्या जवळिकीत.

या ‘तू’मध्ये माफी नाही, हेही लक्षात घ्या. ती लगेच त्याला उठवते: चौरस्त्यावर जा, जमिनीचं चुंबन घे, चारी दिशांना नमस्कार कर आणि सगळ्यांना सांग की मी मारलं. तो वाद घालतो, नेपोलियन काढतो, गरिबी काढतो. ती युक्तिवादाला उत्तर देत बसत नाही. ती त्याला सोडत नाही, एवढंच.

आणि त्याला क्रूस देऊ करते. तिच्याजवळ दोन असतात, एक सायप्रसच्या लाकडाचा, एक तांब्याचा. तांब्याचा लिझावेताचा. रशियात क्रूसांची अदलाबदल करणं म्हणजे नातं जोडणं, आपल्याकडे मानलेली बहीण असते तसं. लिझावेताने तिला आपला क्रूस दिला होता आणि सोन्याने बदल्यात तिला आपलं छोटं देवचित्र. आता लिझावेताचा मी घालीन, हा तू घाल, असं ती म्हणते. तो हात पुढे करतो आणि मागे घेतो. आत्ता नको. नंतर.

सांगितलं म्हणजे पश्चात्ताप झाला का?

नाही झाला, आणि या बाबतीत दस्तयेवस्की वाचकाला जराही सवलत देत नाही. शेवटी तो लाकडी क्रूस गळ्यात घालून निघतो. सेन्नाया चौकात गर्दीत गुडघे टेकून जमिनीचं चुंबन घेतो. लोक हसतात, प्यायलाय म्हणतात, कुणी म्हणतं जेरुसलेमला निघालाय वाटतं. ‘मी मारलं’ हे शब्द ओठांवर येतात आणि त्या हशात विरून जातात. चौकभर माणसं, पण श्रोता एकही नाही. वळताना त्याला दिसतं की पन्नासएक पावलांवर लाकडी टपरीच्या आडोशाला सोन्या उभी आहे.

पोलीस कचेरीत गेल्यावरही तो न सांगताच बाहेर पडतो. खाली अंगणात ती दिसते, पांढरीफटक. ती काही बोलत नाही, फक्त हात जोडून उभी असते. तो किंचित हसतो, मागे वळतो, जिना चढतो आणि सांगतो.

शिक्षा होते आठ वर्षं सक्तमजुरीची, सायबेरियात. तिथेही कितीतरी महिने तो स्वतःला अपराधी मानत नाही. आपण पेललं नाही, एवढीच त्याला खंत. मागोमाग आलेल्या सोन्याशी तो तुटकपणे वागतो. बाकीचे कैदी त्याच्याशी फटकून असतात आणि सोन्याला मात्र ‘आई’ म्हणतात. बदल येतो तो अगदी शेवटच्या पानांवर, तोही फार थोडक्यात. तो बदल लेखकाने घाईने उरकला, असं अनेक वाचक म्हणतात. मला ती घाई वाटत नाही, कारण त्या पानांवर सोन्या किंवा रास्कोल्निकोव काय म्हणतात यापेक्षा एका वस्तूकडे माझं लक्ष जातं.

त्या वस्तूमागे लेखकाचं स्वतःचं आयुष्य आहे. 1849 मध्ये दस्तयेवस्कीला राजद्रोही मंडळात वावरल्याबद्दल पकडलं, मृत्युदंडाच्या मैदानात उभं केलं आणि ऐन वेळी शिक्षा बदलून सायबेरियात ओम्स्कच्या तुरुंगात धाडलं. वाटेत तोबोल्स्कला, जुन्या क्रांतिकारकांच्या बायकांनी, ज्या नवऱ्यांमागे स्वतः होऊन सायबेरियात आल्या होत्या, त्याच्या हातात नवा करार दिला. चार वर्षं तो त्याच्या उशाखाली राहिला.

रास्कोल्निकोवच्या उशाखालीही शेवटी एक नवा करार आहे. त्यानेच सोन्याकडे मागितलेला, तिने न बोलता आणून दिलेला, अजून न उघडलेला. लाजरची गोष्ट तिने ज्यातून वाचली होती, तीच ही प्रत, लिझावेताने दिलेली.